थरथरीचा वाण

“म्हणजे उभं आयुष्य मी खोटं बोललो का, बाई?”

बाईंनी मान वर केली नाही. पडवीत पाटावर बसून, हातांना खोबरेल चोपडून त्या फणस फोडत होत्या. बरका फणस होता, पिकून लिबलिबीत झालेला. त्याच्या वासाने अंगण भरलं होतं, आणि अशा वासाला हमखास येतात त्या बारीक तांबूस माश्याही आल्या होत्या.

“कुणाशी?” बाईंनी विचारलं.

“अं?”

“खोटं बोललास म्हणतोस. कुणाशी बोललास?”

डॉ. मुकुंद रेगे बाईंकडे बघतच राहिले. एसटीत रात्रभर त्यांनी बाईंच्या तोंडी नाना प्रश्न घालून पाहिले होते, त्यांची उत्तरंही जुळवून ठेवली होती. हा प्रश्न त्यांत नव्हता.

या बाई म्हणजे डॉ. इंदुमती परुळेकर. एके काळी घाटावरच्या विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकवायच्या. त्यांच्या चपलांचा आवाज नुसता जिन्यात आला, तरी पोरं धुतलेली काचेची भांडी पुन्हा धुवायला घ्यायची. निवृत्त झाल्यावर त्या कोकणातल्या आपल्या गावी येऊन राहिल्या, त्यालाही जमाना लोटला. रेगे त्यांचे सगळ्यांत हुशार विद्यार्थी. असं बाई कधी म्हणाल्या नव्हत्या. रेगे स्वतःच म्हणायचे.

आज मात्र हा हुशार विद्यार्थी, डोक्यावर एकही काळा केस न उरलेला, मांडीवर कापडी पिशवी घेऊन पडवीच्या कडेला अवघडून बसला होता. पिशवी खाली ठेवायला तयार नव्हता.

“त्यात काय आहे?”

“थरथरी.”

“अजून आहे?”

“एवढीच उरलीय.”

थरथरी हे एका माशीचं नाव. घाणीवर बसते ती माशी नव्हे. पिकल्या केळ्याभोवती घोंघावते ती, मोहरीच्या दाण्याएवढी. आनुवंशिकीवाल्या मंडळींचं निम्मं पोट या माशीवर चालतं. रेगे तरुण होते, बाईंच्या हाताखाली काम करत होते, तेव्हा एका बाटलीत त्यांना एक माशी दिसली. तिचे पाय सारखे थरथरत होते. तिचा वंश त्यांनी वाढवला, तर तोही तसाच. रेगे हात धुऊन तिच्या मागे लागले आणि त्यांनी कारण शोधून काढलं. त्या माशीच्या अंगात एक एन्झाइम जवळजवळ तयारच होत नव्हतं, कारण ते तयार करायला सांगणाऱ्या जनुकात एक एवढीशी चूक होती. या शोधावर त्यांना डॉक्टरेट मिळाली, नोकरी मिळाली, परदेशातली आमंत्रणं मिळाली आणि यथावकाश विभागप्रमुखाची खुर्चीही मिळाली. एका माशीच्या थरथरण्यावर हा माणूस जन्मभर ताठ उभा राहिला.

“बोल,” बाई म्हणाल्या. “काय झालं?”

“परवा माझा निरोप समारंभ होता. मी म्हटलं, भाषण कसलं ठोकायचं? माशीच दाखवू सगळ्यांना. सूक्ष्मदर्शकातलं चित्र मोठ्या पडद्यावर. सभागृह खचाखच भरलेलं.”

“मग?”

“सरळ चालत होत्या, बाई.”

…

“एकीचाही पाय थरथरत नव्हता. पडद्यावर एकेक माशी म्हशीएवढी दिसत होती, आणि शहाण्यासारखी सरळ चालत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हेच दाखवायचं होतं.”

बाईंचे खांदे हलले.

“हसू नका, बाई.”

“टाळ्यांना हसले. पुढे सांग.”

“दुसऱ्या दिवशी मी एन्झाइम मोजलं. चांगल्या धडधाकट माशीत असतं, जवळपास तेवढं. पुन्हा मोजलं. तेच. म्हणजे एक तर तरुणपणी मी मोजताना माती खाल्ली, आणि त्या मातीवर सगळं उभं केलं. नाही तर… काय ते मलाच कळत नाही. आणि पडताळायचं तरी कुणाच्या माशीशी? हा वाण जगात दुसरीकडे कुठे नाहीच.”

“का नाही?”

रेग्यांनी पिशवी आणखी जवळ ओढली.

इथे सांगायला हवं, की या माशीवाल्यांची एक रीत आहे. कुणी वाण मागितला की द्यायचा. मागणारा ओळखीचा असो, परका असो, तुमच्याविरुद्ध चार पानं लिहिणारा असो. एका नळीत थोड्या माश्या घालायच्या, कापूस लावायचा आणि पाठवून द्यायच्या. पैसे नाहीत, आभाराचीही अपेक्षा नाही. उद्या तुमच्याकडचा वाण मेला, तर त्याच्याकडून परत मागता येतो. सगळा धंदा या विश्वासावर चाललेला असतो. रेग्यांनी मात्र थरथरी कुणाला दिली नाही. कुणी मागितली की ‘सध्या वाण जरा अशक्त आहे’, ‘उन्हाळा सरला की बघू’, असं काहीबाही सांगून वाटेला लावायचे. आपलं नाव या माशीशी असं जोडलं गेलंय, की ती दुसऱ्याच्या घरी गेली तर आपल्याकडे काय राहील, अशी धास्ती त्यांच्या मनात घर करून होती. या धास्तीला ते शिस्त म्हणायचे.

“शाहीनने मागितली होती ना?” बाईंनी विचारलं.

रेगे दचकले. “तिने सांगितलं तुम्हाला?”

“नाही. पण मागितली असणारच. तिच्या जागी मी असते, तर मागितली असती.”

शाहीन मुजावर मिरजेची. रेग्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत तिच्या तोडीचं कुणी नव्हतं, हे रेगेही मनातल्या मनात मान्य करायचे. गुवाहाटीला तिला नोकरी लागली, स्वतःची प्रयोगशाळा मिळाली, तेव्हा निघण्यापूर्वी ती पेढे घेऊन आली आणि म्हणाली, सर, थरथरीची एक नळी द्याल? रेगे म्हणाले, स्वतःची प्रयोगशाळा झाली की प्रश्नही स्वतःचेच शोधावेत. ती ‘हो सर’ म्हणाली. पेढे टेबलावर ठेवून गेली. नंतर काही वर्षं तिचे फोन येत राहिले. रेगे मीटिंगमध्ये असत. पुढे फोन यायचे थांबले. बाईंना मात्र ती अजून फोन करते, हे रेग्यांच्या कानावर होतं.

“माझ्याविषयी काय म्हणते?” रेग्यांनी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

“वाईट काही म्हणत नाही. फार राग येतो मला तिचा त्याबद्दल.”

…

“मुकुंदा, तुला ती माशी कुणी दिली होती?”

“मला सापडली होती.”

“कुणाच्या बाटलीत?”

रेग्यांची नजर अंगणात गेली. बाटली बाईंची, शिजवलेलं खाद्य बाईंच्या पैशांचं, सूक्ष्मदर्शकही बाईंचाच. त्यांना नोकरी लागली तेव्हा बाईंनीच त्या बाटल्या खोक्यात नीट बांधून त्यांच्या हवाली केल्या होत्या. शोधनिबंधावर स्वतःचं नाव घालण्याचा विषयसुद्धा त्यांनी काढला नव्हता. आणि आपल्यालाही तो काढावासा वाटला नव्हता, हे रेग्यांना आज इतक्या वर्षांनी लख्ख आठवलं.

“तुम्ही दिली,” ते म्हणाले.

“बरं.” बाईंनी एक गरा सोडवून परातीत टाकला. “बाकीच्या बाटल्या कुठे आहेत?”

“धुऊन टाकल्या.”

बाईंचे हात थांबले. आल्यापासून पहिल्यांदाच.

“कुणी?”

“मीच. उकळतं पाणी ओतून. म्हटलं, आपण गेल्यावर कुणीतरी कपाट उघडणार, सूक्ष्मदर्शकाखाली बघणार आणि चहा पिता पिता सांगणार, रेग्यांची थरथरी म्हणजे थाप होती. त्यापेक्षा नसलेली बरी.”

“मग ही का ठेवलीस?”

“हात गेला नाही.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. निरखून पाहिलं. त्यांच्या सदऱ्याचं एक बटण तुटलेलं होतं आणि तिथे टाचणी लावलेली होती.

“घरी कोण असतं आता?”

“कुणी नसतं. नलिनी गेल्यापासून मी एकटाच.”

“ती गेली त्या दिवशी तुला फोन केला होता मी. घरी कुणी उचलला नाही.”

“लॅबमध्ये होतो. सकाळी सगळं आटोपलं… स्मशानातलं. पाहुणे संध्याकाळी गेले. बाटल्या बदलायच्या होत्या. एक दिवस गेला असता, तर खाद्याला बुरशी धरली असती.”

त्या वेळी विद्यापीठात या गोष्टीचा फार बोलबाला झाला होता. बायको गेली त्या दिवशीही प्रयोगशाळेत! काय निष्ठा, काय निष्ठा! रेग्यांनाही ते ऐकून बरं वाटलं होतं. खरी गोष्ट अशी, की बाटल्या बदलता बदलता त्या संध्याकाळी त्यांना हुंदका फुटला होता, आणि बराच वेळ आवरला नव्हता. प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं. घरी तरी कुठे कुणी होतं? हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आताही, ओठांवर येऊन, सांगितलं नाही.

बाईंनी थोडी वाट पाहिली. मग पुन्हा गरे सोडवायला घेतले.

“बाटली बदलताना बघायचास का रे?”

“काय?”

“माश्या.”

“बघायचं काय त्यात? जुनी बाटली नव्या बाटलीवर उलटी धरायची, टिचकी मारायची. माश्या खाली पडल्या की कापूस लावायचा. डोळे मिटून करेन मी.”

“म्हणजे डोळे मिटूनच केलंस.”

…

रेग्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. मीटिंगा होत्या, समित्या होत्या, परीक्षा होत्या. पण बाटल्या मात्र त्यांनी कधी दुसऱ्याच्या हातात दिल्या नाहीत. डोळ्यांत तेल घालून सांभाळल्या, असं ते सगळ्यांना सांगायचे. सांभाळल्या खऱ्या. एखादी माशी काचेखाली घेऊन बसल्याला किती वर्षं झाली, ते त्यांना आठवेना.

“बाटलीच्या तळाला काय असतं?” बाईंनी विचारलं.

“बाई, मी पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आहे का?”

“काय असतं?”

“रवा, गूळ, यीस्ट. शिऱ्यासारखं शिजवलेलं.”

“चिकट.”

“चिकट.”

“त्यात कोण अडकून मरतं?”

“जिला नीट उभं राहता येत नाही ती.” रेगे उत्तर देता देता मंदावले. “जी जास्त थरथरते… ती.”

“मग अंडी कोण घालतं?”

“जी कमी थरथरते ती.”

“आणि तिच्या लेकींत?”

“त्यांतही जी आणखी कमी…” रेगे थांबले. कुणी तोंडात मारल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. “बाई, हे तर मी दर वर्षी शिकवतो. बंद बाटलीत वाण पिढ्यान्‌पिढ्या ठेवला, की त्याचा दोष हळूहळू झाकला जातो. इतर जनुकांत बारीक बारीक बदल साठत जातात आणि ते त्या दोषाला सांभाळून घेतात. एन्झाइमसुद्धा वाढतं कधी कधी. दोष तसाच असतो, आत. फक्त वरून दिसत नाही.”

“शिकवतोस खरा.”

“म्हणजे मी खोटं मोजलं नव्हतं.”

“ते मला काय माहीत? तू सांगतोयस.”

रेगे उभेच राहिले. पिशवी छातीशी धरून त्यांनी पडवीत दोन फेऱ्या मारल्या. बोलण्यात एकदम तरतरी आली. “सिद्ध करता येईल, बाई! सोपं आहे. बाहेरच्या, रानच्या माश्यांशी हिची जोडी लावायची. आत साठलेलं ते सगळं सांभाळून घेणं पातळ होतं. पहिल्या पिढीत काही दिसणार नाही. पण त्यांची आपसात जोडी लावली, की त्यांच्या पिल्लांत, थोड्या जणींत का होईना, पाय पुन्हा थरथरायला लागतील. पहिल्यासारखे.”

“इतकं ठाऊक होतं, तर इतकी वर्षं केलं का नाहीस?”

“वाण बिघडला असता. बाहेरचं रक्त मिसळलं असतं. शुद्ध राहिला नसता.”

“शुद्ध ठेवलास ना?”

“ठेवला.”

“मग थरथरत का नाही?”

…

आंब्याच्या झाडावर कुठेतरी कावळा ओरडत होता. रेगे परत खाली बसले. अंगातली तरतरी आली तशी गेली.

“आता करायचं कुठे, बाई? महिनाअखेर खोलीची किल्ली द्यायचीय. नवा माणूस येतोय, त्याचं काम भातावर आहे. तुम्ही म्हणाल, शाहीनला दे.”

“मी कुठे म्हटलं?”

“तिच्याकडे देऊन थरथरली नाही, तर? तिनेच जगाला सांगितलं, की सरांचं सगळं खोटं होतं, तर?”

“आणि थरथरली तर?”

रेग्यांनी पिशवीतल्या बाटलीवर तळहात ठेवला. जवळजवळ ऐकू येणार नाही अशा आवाजात ते म्हणाले, “मग ती तिची होईल.”

हे बोलून गेल्यावर त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली, की मान वर करवेना. खोटं ठरण्याची भीती होतीच. पण तिच्याखाली ही दुसरी भीती दडून बसली होती, आणि खरी ठाण मांडून बसलेली हीच होती. सापडलं ते आपलं, आपण एकट्याचं. मग मागितलं त्याला नाही म्हणायचं, आलेला फोन उचलायचा नाही, आणि संध्याकाळी रिकाम्या प्रयोगशाळेत दिवा लावून बाटल्या बदलत बसायचं. आपण किती एकटे आहोत, हे त्यांना परक्या अंगणात, फणसाच्या वासात, असं अचानक कळलं.

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. त्यांनी रेग्यांच्या मांडीवरून पिशवी उचलली. रेग्यांनी ती सोडली, का सोडली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. टॉवेलची गुंडाळी उलगडून बाईंनी बाटली बाहेर काढली आणि उन्हात धरली. आत माश्या काचेवर चढत होत्या, उतरत होत्या. काचेला आतून बारीक तपकिरी कोश चिकटलेले होते. तळाच्या शिऱ्यात अळ्या वळवळत होत्या.

“छान आहेत,” बाई म्हणाल्या.

आणि त्यांनी बाटलीच्या तोंडाचा कापसाचा बोळा काढला.

“बाई!”

फोडलेल्या फणसाला लागून त्यांनी ती बाटली आडवी ठेवली. रेगे झेपावले. बाईंनी त्यांचं मनगट पकडलं. हात तेलकट होता, म्हातारा होता, पण सुटत नव्हता.

“सोडा, बाई! शेवटची आहे ती. जगातली शेवटची!”

“म्हणून तर. बस.”

“बाहेर निघाल्या की संपलं सगळं!”

“बस. आणि बघ.”

रेगे बसले. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

बाटलीतून एक माशी काठावर आली, थबकली, उडाली. मग दुसरी. फणसावर आधीच घोंघावत होत्या, त्यांतल्या काही वासाने बाटलीत शिरल्या. गूळच तो, त्यांना काय! आतल्या बाहेर, बाहेरच्या आत. एका गऱ्यावर सहा-सात जणी बसल्या होत्या; त्यांतली एक पंख पसरून दुसरीच्या भोवती फेर धरत होती. तो नर असणार. घरचा की रानचा, कोण जाणे.

…

बाईंनी मनगट केव्हा सोडलं, ते रेग्यांना कळलं नाही. ते फणसाच्या सालीवर हात टेकून, पुढे वाकून बघत होते. चष्मा कपाळावर चढवून, नाक जवळजवळ फणसाला लावून. बाईही शेजारी वाकल्या होत्या. तरुणपणी एका सूक्ष्मदर्शकावर दोघं अशीच आळीपाळीने डोळा लावायची, आणि बाई म्हणायच्या, घाई करू नकोस, बघ आधी. त्यानंतर कुणी त्यांच्या शेजारी बसून माशी बघितली नव्हती. शाहीन बसली असती. तिला कधी बसू दिलं नाही. या विचारासरशी रेग्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. हात फणसाने बरबटले होते, आणि लपवायचं कुणापासून होतं?

बाई माश्या बघत राहिल्या.

ऊन पडवीत सरकलं. आता बाटलीत बऱ्याच माश्या दिसत होत्या, गऱ्यांवरही बऱ्याच. काही बाहेर अंगणात उडून गेल्या त्या गेल्या. काचेला चिकटलेले कोश जागच्या जागी होते. उद्या-परवा ते फुटणार आणि आतून निघणाऱ्या माद्यांना पहिल्यांदाच रानचे नर भेटणार, हे रेग्यांच्या डोक्याने सवयीने मांडून टाकलं. त्यात भर घालण्यासारखं त्यांना काही सुचलं नाही.

बाईंनी बोळा उचलला, बाटलीच्या तोंडाला लावून अंगठ्याने घट्ट दाबला. चिकट, तेलकट झालेली ती बाटली त्यांनी रेग्यांच्या हातात दिली.

रेग्यांनी ती उन्हात धरली. इकडून पाहिली, फिरवून तिकडून पाहिली. सगळ्या सारख्या. सगळ्या सरळ चालत होत्या.

“बाई,” ते म्हणाले, “यांतल्या माझ्या कोणत्या?”

“शाहीनला विचार.”